जगवणाऱ्याचंही नाव पुकारा

प्रति,
महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन आणि खुल्या ई-स्पोर्ट्स स्पर्धांचे आयोजक, परीक्षक आणि समालोचक यांस



स्पर्धा संपल्यावर तुम्ही जे निकालपत्रक काढता, त्याबद्दल हे पत्र आहे. त्यावर विजेत्या संघाचं नाव असतं, एमव्हीपीचा, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा, फोटो असतो आणि फोटोशेजारी ठळक अक्षरांत फिनिशचा, म्हणजे मारलेल्या शत्रूंचा, आकडा असतो. तो खेळाडू नॉक होऊन खाली पडला तेव्हा त्याला कोणी उचललं, त्याच्यासमोर स्मोकची भिंत कोणी उभी केली, स्वतःजवळचा शेवटचा फर्स्ट एड त्याला कोणी देऊन टाकला, हे पत्रकात कुठेच नसतं. माझी मागणी सरळ आहे. मारणाऱ्याची नोंद ठेवता, तशी वाचवणाऱ्याचीही ठेवा. त्याला बक्षीस द्या, माइकवर त्याचं नाव घ्या.

मी सपोर्ट खेळते, म्हणजे साथीदारांना जगवायचं काम माझं. बीजीएमआयमध्ये चौघांतली मागची, ओव्हरवॉचमध्ये हीलर, व्हॅलोरंटमध्ये बहुतेक वेळा जखमा भरणारी सेज. महाविद्यालयांच्या स्पर्धांत निरीक्षकांच्या टेबलावरही बसले आहे. खेळताना काय घडतं आणि कागदावर त्यातलं काय उतरतं, हे दोन्ही मी जवळून पाहिलं आहे, म्हणून लिहिते आहे.

आत्ताच लिहिण्याला कारण आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे सोपवले. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ एकीकडे आणि ई-स्पोर्ट्स दुसरीकडे अशी रेघ ओढली. आपण जे खेळतो त्याला खेळ म्हणा, हे आता कोणाला विनवायची गरज उरलेली नाही. पण खेळ म्हटला की त्याची नोंदवही आली, विक्रम आले, पुरस्कार आले. त्या वहीत कोणते रकाने आखायचे, हे या वर्षा-दोन वर्षांत ठरणार आहे आणि ते तुमच्या हातून ठरणार आहे. एकदा रुळलेला तक्ता बदलणं किती अवघड असतं, हे कुठल्याही जुन्या खेळाच्या संघटकाला विचारा.

हे पत्र न खेळणारे पालक आणि प्राध्यापकही वाचतील, म्हणून थोडी ओळख करून देते. संघाने खेळायच्या ऑनलाइन खेळांत कामांची वाटणी फार पूर्वीपासून आहे. 1999 च्या एव्हरक्वेस्टमध्ये आणि 2004 च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये ती पक्की झाली. एकाने पुढे उभं राहून मार अंगावर घ्यायचा, तो टँक. एकाने सगळ्यांच्या जखमा भरायच्या, तो हीलर. बाकीच्यांनी शत्रूवर तुटून पडायचं. वॉरक्राफ्टच्या पाच जणांच्या मोहिमेत एक टँक, एक हीलर आणि तीन मारणारे लागतात. यातला हीलर काढला तर उरलेले चौघे कितीही तयारीचे असोत, मोठा शत्रू त्यांना काही क्षणांत लोळवतो. पुढे नेमबाजीच्या खेळांतही हीच वाटणी वेगवेगळ्या रूपांत आली. आपल्या गावोगावच्या पोरांना फ्री फायरमुळे ती कळली: समोरून गोळ्या येताना क्षणात उभी करायची ग्लू वॉल आणि भोवतीच्या साथीदारांची तब्येत भरून काढणारा अलोक.

आता बीजीएमआय या नेमबाजीच्या खेळातला एक प्रसंग जवळून पाहू. तुमच्यापैकी प्रत्येकाने तो अनेकदा पाहिलेला आहे, पण बहुतेक वेळा कॅमेरा तेव्हा दुसरीकडे असतो.

खेळायची जागा आक्रसत शेवटच्या झोनपर्यंत आली आहे. संघाचा असॉल्टर, म्हणजे आघाडीवर लढणारा, पुढे गेला, एकाला पाडलं आणि दुसऱ्याच्या गोळीने स्वतः नॉक झाला. तो आता रांगतो आहे आणि त्याची उरलेली तब्येत थेंबाथेंबाने ओसरते आहे. सपोर्टला इथे एका दमात बऱ्याच गोष्टी ठरवायच्या असतात. एकच स्मोक नॉक झालेल्याच्या अंगावर टाकला, तर शत्रूला नेमकी जागा कळते आणि तो धुरात आंधळ्या गोळ्या झाडतो. म्हणून जाणता सपोर्ट दोन-तीन स्मोक ओळीने टाकतो. धूर पसरायला काही सेकंद लागतात, तेवढं थांबावं लागतं. थांबणं जास्त झालं तर साथीदार जातो, कमी झालं तर दोघेही जातात. मग आत शिरायचं आणि रिव्हाइव्ह, म्हणजे साथीदाराला उठवणं, सुरू करायचं. त्याला लागणाऱ्या आठ-दहा सेकंदांत सपोर्टला बंदूक चालवता येत नाही की हलता येत नाही. उरलेल्या दोघांनी कोणता कोन धरायचा, हे त्याने आत शिरण्याआधीच सांगितलेलं असतं. साथीदार उठतो तेव्हा त्याच्यात जेमतेम धुगधुगी असते. फर्स्ट एडने तब्येत 75 टक्क्यांपर्यंत येते, त्यावर एनर्जी ड्रिंक किंवा पेनकिलर लागतं. हे सामान सपोर्टने सामना सुरू झाल्यापासून स्वतःच्या बॅगेत जपून ठेवलेलं असतं, त्यासाठी गोळ्या कमी घेतलेल्या असतात. अशा तऱ्हेने उठलेला असॉल्टर पुढच्या मिनिटात दोन फिनिश करतो आणि संघ शेवटच्या तिघांत पोचतो.

तुमच्या पत्रकात या प्रसंगातले फक्त दोन फिनिश राहतात. एका फिनिशला एक गुण, तो खेळाडूच्या नावावर. शेवटपर्यंत टिकल्याचे गुण मात्र संघाच्या नावावर जातात, कोणा एकाच्या नाही. गुणपद्धतीबद्दल माझी तक्रार नाही, टिकण्याला तिच्यात चांगलं वजन आहे. पण टिकवणारा कोण होता, हे त्या पद्धतीतून दिसत नाही. ते दाखवायचं काम तुमचं आहे.

सपोर्ट हे दुय्यम काम आहे, ज्याचा नेम चांगला नाही त्याने मागे राहावं, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. नवा संघ बांधताना सगळ्यात कच्च्या पोराला हे काम दिलं जातं. ज्या खेळांत स्पर्धा जुन्या आणि मोठ्या आहेत, तिथला अनुभव नेमका उलटा आहे.

2007 साली आलेल्या टीम फोर्ट्रेस 2 चं उदाहरण घ्या. त्याच्या सहा जणांच्या स्पर्धात्मक सामन्यात प्रत्येक संघात एकच मेडिक असतो. तो जसजसा जखमा भरतो, तसतसा त्याच्या यंत्रात एक साठा तयार होत जातो. साठा पूर्ण झाला की त्याला आणि त्याच्या एका साथीदाराला 8 सेकंद कोणतीच इजा होत नाही. या 8 सेकंदांभोवती अख्खा सामना फिरतो. आपला साठा आधी भरला तर चढाई, समोरच्याचा भरला तर माघार. भरलेल्या साठ्यासह मेडिक पडला, तर त्याचा संघ पुढची लढाई टाळून मागे सरकतो. बारा खेळाडूंच्या मैदानात दोन्ही संघ ज्याचा श्वास मोजत असतात, तो खेळाडू क्वचितच बंदूक चालवतो.

लीग ऑफ लेजंड्सच्या 2014 च्या जागतिक स्पर्धेत, सोलमध्ये, सॅमसंग व्हाइट संघ विजेता ठरला. सर्वोत्तम खेळाडूचा मान त्या संघाच्या सपोर्टला मिळाला: माता या नावाने खेळणारा चो से-ह्यॉंग. त्याची कीर्ती होती ती नकाशावर कुठे आणि कधी वॉर्ड, म्हणजे आसपासचा परिसर दाखवणारी खूण, ठेवायचा याच्या जाणिवेबद्दल. त्याच्या वॉर्डमुळे साथीदारांना अंधारातला शत्रू आधी दिसायचा, आणि शत्रूचे वॉर्ड त्याने काढून टाकले की शत्रू आंधळा व्हायचा. 2018 मध्ये ओव्हरवॉच लीगच्या पहिल्याच मोसमात एमव्हीपी ठरला जेजोनाक, न्यूयॉर्कच्या संघातला सपोर्ट. त्याचा झेन्याटा हा हीलर साथीदारांना बरं करता करता समोरच्यांना पाडायचाही भरपूर, हे खरं आहे. सपोर्टचा नेम कच्चा असतो हा समज त्याने मोडला.

आणि डोटा 2. या खेळात पाच जागांना क्रम आहे. पाचव्या क्रमांकाच्या खेळाडूच्या वाट्याला सगळ्यात कमी सोनं येतं आणि तो आपल्या तुटपुंज्या कमाईतून संघासाठी लागणाऱ्या वस्तू घेतो. ओजी संघाने 2018 आणि 2019 अशी लागोपाठ दोनदा द इंटरनॅशनल ही डोटा 2 ची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि दोन विजेतेपदं मिळवणारा तो पहिला संघ ठरला. 2019 च्या स्पर्धेची एकूण बक्षिसं 3 कोटी 40 लाख डॉलरांहून जास्त होती. त्या संघाचा कर्णधार नोटेल पाचव्या जागेवर खेळत होता. सगळ्यात कमी घेणारा सगळ्यांचं नेतृत्व करत होता, आणि यात विसंगती काहीच नाही. ज्याची नजर स्वतःच्या फिनिशवर खिळलेली नसते, त्याला पूर्ण मैदान दिसतं.

आता तुमच्या जबाबदारीचा मुद्दा. आपण जे मोजतो, तेच पोरं खेळतात. खेळ बनवणारे हे अनुभवातून शिकले आहेत.

ओव्हरवॉच 2016 मध्ये आला तेव्हा मर्सी या हीलरला एक मोठी शक्ती होती: जवळ पडलेले पाचही साथीदार एका क्षणात जिवंत करायचे. पडद्यावर ते भव्य दिसायचं. परिणाम असा झाला की अनेक मर्सी लढाईच्या ऐन वेळी कोपऱ्यात लपायला लागल्या. एकेकाला वाचवत बसण्यापेक्षा सगळे मरेपर्यंत थांबणं फायद्याचं ठरत होतं. सप्टेंबर 2017 मध्ये कंपनीने ती शक्ती काढून एका वेळी एकालाच उठवण्याची मुभा ठेवली. बक्षीस चुकीच्या जागी ठेवलं की हीलरसुद्धा साथीदाराला मरू देतो, हा त्यातला धडा.

दुसरा अनुभव वॉरक्राफ्टचा. तिथे मोहिमेसाठी अनोळखी पाच जणांना आपोआप एकत्र आणायची सोय 2009 च्या अखेरीस आली. मारणारे भरपूर आणि टँक-हीलर मोजके, त्यामुळे मारणाऱ्यांना रांगेत ताटकळावं लागायचं. 2011 मध्ये कंपनीने तोड काढली: ज्या कामाला माणसं कमी पडत असतील, ते काम घेणाऱ्याला जादा बक्षिसाची थैली. 2019 मध्ये ओव्हरवॉचने तर प्रत्येक संघात दोन टँक, दोन मारणारे आणि दोन सपोर्ट असा नियमच केला. हे काम आपोआप कोणी घेत नाही, त्याला मान आणि जागा राखून द्यावी लागते, हे त्या उद्योगाला कळलं. आपल्या स्पर्धांना अजून कळायचं आहे.

कोणी घेत नाही याचं कारणही उघड आहे. साथीदार पडला की पहिला प्रश्न येतो, ‘हीलर काय करत होता?’ साथीदार वाचला की प्रश्नच येत नाही. चांगलं काम दिसत नाही आणि चुकलेलं काम सगळ्यांना ऐकू जातं, अशा जागेवर सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किती दिवस टिकेल? तो महिनाभरात स्नायपर हातात घेतो. संघात मग चार फ्रॅगर, म्हणजे नुसते मारणारे, होतात, चौघेही एकेकटे पुढे पळतात आणि एकेकटे पडतात. आपल्याकडच्या लॉबीत हे चित्र इतकं नित्याचं आहे की त्याची कोणाला खंतही वाटेनाशी झाली आहे.

मुलींचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. माइकवर मुलीचा आवाज आला की ‘तू हील कर’ हे ठरलेलं. म्हणणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी एकदमच असतात: हे काम हलकं आहे, आणि मुलींना हलकं काम द्यावं. मी हे काम निवडून घेतलं आहे आणि मला ते प्राणापलीकडे आवडतं. पण ज्या मुलीला पुढे लढायचं आहे, तिला मागे ढकललं जाऊ नये, आणि ज्या मुलाला जखमा भरायला आवडतं, त्याला त्याची लाज वाटू नये. दोन्ही गोष्टी साधायला एकच उपाय आहे: या कामाची खरी किंमत सगळ्यांसमोर मांडणं.

नोंद कशी ठेवायची, याचा नमुना शोधायला लांब जायला नको. खो-खोच्या सामन्याची बातमी वाचा. अमक्याने किती गडी बाद केले हे त्यात असतं आणि तमक्याने किती मिनिटं संरक्षण केलं हेही असतं, मिनिटं आणि सेकंदांसकट. स्पर्धेच्या शेवटी सर्वोत्कृष्ट आक्रमक, सर्वोत्कृष्ट संरक्षक आणि अष्टपैलू असे वेगवेगळे मान दिले जातात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, दोन्हींचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, आणि त्या सामन्यांत जास्त वेळ टिकलेल्या संरक्षकांना ड्रीम रनचे वेगळे गुण होते. टिकून राहणं हे कर्तृत्व आहे, हे आपल्या मातीतल्या खेळाने केव्हाच मान्य केलं आहे. त्याच मातीत ई-स्पोर्ट्स भरवणाऱ्यांना ते अवघड वाटू नये.

तुमच्याकडून येणारा आक्षेप मला माहीत आहे. हीलिंगचा आकडा फसवा असतो, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. साथीदार उगाच मार खात राहिले तर हीलरचा आकडा फुगतो. ज्याने योग्य क्षणी ढाल धरून मारच लागू दिला नाही, त्याचा आकडा कमी दिसतो. ओव्हरवॉच 2 च्या तक्त्यात केलेलं नुकसान, भरलेली तब्येत आणि अडवलेलं नुकसान असे तीन वेगळे रकाने आहेत, तरीही ॲना या हीलरने नेमक्या क्षणी झोपवलेल्या शत्रूचं मोल त्यात उतरत नाही. पण फिनिशचा आकडा तरी कुठे सगळं सांगतो? दुसऱ्याने अर्धमेला केलेला शत्रू शेवटच्या गोळीने टिपला तरी फिनिश पूर्ण मिळतो. तरी आपण तो मोजतो, कारण न मोजण्यापेक्षा अपुरं मोजणं बरं. तोच न्याय सपोर्टला लावा, आणि आकडा अपुरा पडेल तिथे जाणत्या माणसाची नजर वापरा.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली, निकालपत्रकात प्रत्येक खेळाडूपुढे रिव्हाइव्हचा रकाना घाला. खेळातून हीलिंगचा किंवा अडवलेल्या नुकसानाचा आकडा मिळत असेल तर तोही द्या. आकडा मिळत नसेल तिथे निरीक्षकाने हाताने नोंद ठेवावी. शेवटच्या काही झोनपुरती ठेवली तरी चालेल.

दुसरी, सर्वोत्कृष्ट सपोर्ट असा स्वतंत्र पुरस्कार ठेवा आणि त्याची रक्कम सर्वोत्कृष्ट असॉल्टरइतकीच ठेवा. निवड नुसत्या आकड्यावर नको. दोन परीक्षकांनी सामन्यांचं रेकॉर्डिंग पाहून, कोणत्या क्षणासाठी हा मान दिला ते दोन ओळींत जाहीर करावं. ‘अंतिम सामन्यात उघड्यावर पडलेल्या दोन साथीदारांना उचलून संघाला शेवटच्या झोनमध्ये नेलं’ असं वाक्य मंचावरून वाचलं गेलं, तर समोर बसलेल्या पोरांना सपोर्ट म्हणजे काय ते एका दमात कळेल.

तिसरी विनंती समालोचकांना. नॉक झाला की कॅमेरा लगेच पुढच्या बंदुकीकडे नेऊ नका. धुरात शिरणाऱ्याबरोबर काही सेकंद थांबा. तो वाचवू शकेल का, हा प्रश्न गोळीबाराइतकाच उत्कंठेचा आहे, आणि तुम्ही तो रंगवून सांगितला तर प्रेक्षक श्वास रोखून पाहतील. उचललेल्या साथीदाराने पुढे फिनिश केला, तर त्या फिनिशच्या वर्णनात उचलणाऱ्याचंही नाव घ्या. त्याला एक पैसा लागत नाही.

चौथी, महाविद्यालयांसाठी. नवख्यांच्या सराव सामन्यांत प्रत्येकाला आळीपाळीने सपोर्टच्या जागेवर बसवा. ज्याने एकदा धुरात बसून साथीदाराला उचललं आहे, तो पुढे गेल्यावर मागे वळून पाहायला शिकतो. तो पडल्यावर माइकवर शिव्या देत नाही, ‘मी दगडामागे आहे, डावीकडून गोळ्या येताहेत’ असं उपयोगाचं बोलतो.

आपल्या मुलाच्या हातातला फोन पाहून आई-वडील विचारतात, यातून हा काय शिकतो? त्यांना आपण आजवर बक्षिसांचे आकडे दाखवत आलो. त्याहून खरं उत्तर आपल्याजवळ आहे. स्वतःला धोका पत्करून दुसऱ्याला उभं करणं, घाईत शांतपणे ठरवणं, आपल्याजवळचं कमी असलेलं सामान कोणाला आधी द्यायचं ते ओळखणं, आणि हे सगळं करून टाळ्या दुसऱ्याला मिळू देणं, हे हा खेळ रोज शिकवतो. ते शिकणारी पोरं प्रत्येक संघात आहेत. तुम्ही त्यांना पुढे बोलावलं, तर पालकांना ती दिसतील.

पुढच्या स्पर्धेत हे करून पाहायची तयारी असेल, तर नोंदी ठेवायला माणूस कमी पडतो ही अडचण सांगू नका. मी येईन. माझ्यासारखे सपोर्ट खेळणारे आणखीही येतील. नकाशावर कोण कुठे अडचणीत आहे ते बघत राहायची आम्हाला सवय आहे. आम्हाला एक टेबल, एक पडदा आणि निकालपत्रकात एक रकाना द्या.

आपली,
सपोर्टच्या जागेवर खेळणारी एक खेळाडू